ढमीच्या कॉलेजची स्टेपनी

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी बाकीची अंगं व्यवस्थित वाकली, डावा गुडघा तेवढा आला नाही. का आला नाही ते पुढे येईलच. नमस्कार पूर्ण धरावा.)

तुझी पाठ कशी आहे? भावोजींचा खोकला कसा आहे? मागच्या वेळी फोनवर ते मला काहीतरी समजावत होते आणि मागून तू 'आता पुरे, त्याला कामं आहेत' म्हणालीस, ते मला स्वच्छ ऐकू आलं. तुझा आवाज तसाच खणखणीत आहे हे कळून फार बरं वाटलं. या वेळी फोन न करता पत्र का लिहितोय असं विचारशील. घरून फोन केला की मायलेकी ऐकतात आणि दुकानातून केला की गिऱ्हाईक ऐकतं. तीक्ष्ण कान जगात मला एकट्यालाच दिलेत अशी माझी समजूत होती, ती या वयात मोडत चालली आहे.

आधी खर्च सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला भाव कळेल. ढमीसाठी एक कॉलेज बघून आलो. एकच. त्यात गेलं ते असं: माझी बरी पँट, डाव्या गुडघ्यावर (आतला गुडघाही); एका रखवालदाराच्या शिट्टीतला मणी; दातांच्या डॉक्टरांसारखं जुनं, न घासाघीस करणारं गिऱ्हाईक; आमच्या हिचं माझ्याशी बोलणं; माझी भूक; आणि आयुष्यभर जपून वापरलेलं एक वाक्य, जे आता गिळताही येत नाही आणि थुंकताही येत नाही. पैशाचं म्हणशील तर फक्त पेट्रोल लागलं. या सगळ्या प्रकरणात स्वस्त काय ते तेवढंच. आणि कॉलेज? ते अजून ठरलेलं नाही.

तू ढमीला शेवटचं बघितलंस तेव्हा ती गुटगुटीत होती आणि ते नाव तिला शोभत होतं. आता छत्रीच्या काडीसारखी झाली आहे, पण घरात एकदा नाव पडलं की पडलं. शाळेच्या शेवटच्या वर्षात आहे आणि तिला किडे आवडतात. (आवडतात हा हिचा शब्द, पाहुण्यांसमोर वापरायचा. खरं म्हणजे घर किड्यांचं आहे आणि आम्ही तिघं तिथे भाड्याने राहतो.) काड्यापेट्यांत भुंगे, बरणीत सुरवंट, खिडकीत मुंग्यांची काचेतली वसाहत. परवा मी चष्म्याची डबी उघडली तर आत चष्म्याऐवजी एक हिरवा, लांब पायांचा गृहस्थ बसला होता आणि मी बोलता बोलता त्याला नाकावर चढवायच्या बेतात होतो. हिला वाटत होतं मुलगी डॉक्टर होईल. ढमी म्हणाली, होईन की, मुंग्यांची. त्या दिवसापासून हिने तो विषय सोडून दिला.

तर लांबच्या शहरात एक मोठं कॉलेज आहे. ते सगळ्यांना माहीत आहे आणि तीच तर पंचाईत आहे. तिथल्या किड्यांच्या विभागात घेतात मूठभर आणि अर्ज येतात पोतंभर. ढमी हुशार आहे, बाप म्हणून सांगत नाही, पण पोत्यात तिच्यासारखी हुशार पोरं खच्चून भरलेली असणार. म्हणून शाळेतल्या सल्लागार बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई फार गोड. त्यांनी समजावून सांगितलं की एक कॉलेज स्वप्नातलं असावं, एक आवाक्यातलं आणि एकदोन अगदी खात्रीची. खात्रीचं म्हणजे जिथे ढमीच्या गुणांवर नक्की घेतील, जिथला खर्च आपल्याला झेपेल आणि जिथे जावं लागलं तर ती रडत न जाता हसत जाईल. (तिसरी अट मी नीट ऐकली नाही. पहिल्या दोन इतक्या पटल्या होत्या की मी मान डोलावण्यात गुंतलो होतो.) मी म्हणालो, 'म्हणजे स्टेपनी!' बाई हसल्या. ही हसली. ढमी हसली नाही. ती म्हणाली, मला स्टेपनी नको, मी एकाच कॉलेजला अर्ज करणार.

'का गं?' बाईंनी विचारलं.

तर कार्टी माझ्याकडे बोट करून म्हणते, 'बाबांनी कुठे ठेवली होती?'

ताई, माझं ते वाक्य तुला पाठ असेल. 'मी या शहरात आलो तो परतीचे दोर कापून!' एक पिशवी, एक पाना, आणि मागे वळून बघायचं नाही. हे वाक्य मी दुकानाच्या उद्घाटनाला म्हटलं, बँकेच्या साहेबांसमोर म्हटलं, हिला पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा म्हटलं. शाळेच्या समारंभाला मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, तेव्हा माइक बंद पडला होता, तरीही हे वाक्य शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं, की ज्याला मागे रस्ता असतो तो पुढे जात नाही. आणि का म्हणू नये? पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात केलेला माणूस आज यंत्रावर चाकं जुळवून देतो, चार माणसं हाताखाली आहेत. कुणाचा टेकू घेतला नाही, दुसरा बेत आखला नाही. अभिमान बाळगण्यासारखी माझ्याकडे हीच एक वस्तू, आणि नेमकी तीच पोरीने उचलून माझ्या डोक्यात घातली.

तेव्हापासून माझं ताट निम्मं भरलेलं परत जातं. एकच अर्ज म्हणजे एकच उत्तर. ते 'नाही' असं आलं तर? दुसरीकडचे दरवाजे तोवर बंद झालेले असणार. पोरगी वर्षभर खिडकीत मुंग्यांशेजारी बसून राहील. आणि मी ओळखतो तिला, पुढच्या वर्षी ती अर्जच करायची नाही. अपमान झाला की गोगलगायीसारखी आत जाते आणि मग कितीही ठोका, बाहेर येत नाही. (हे तिने तुझ्याकडून उचललं आहे. राग मानू नकोस.) मग किडे सुटतील, आणि किडे सुटले तर त्या पोरीकडे उरेल काय? नुसती छत्रीची काडी.

म्हणून मी ठरवलं, ढमीचं कॉलेज मीच शोधायचं. दुकानात गिऱ्हाइकांसाठी एक बाक ठेवलाय. गाडी जॅकवर चढलेली असली, चाक उतरवलेलं असलं की माणसाला पळायला जागा नसते, आणि पळायला जागा नसली की माणूस खरं बोलतो. त्या बाकावर मी अर्ध्या शहराची भांडणं आणि दोन साखरपुडे मोडताना ऐकलेत. आता कान कॉलेजांवर लावले. कोण कुठे शिकवतं, कुठे मास्तर येतात आणि कुठे नुसती हजेरी येते, कुठल्या वसतिगृहातून पोरं पळून घरी येतात, सगळं चाक बदलता बदलता गोळा केलं. आणि त्यातून अगदी चोख असं एक काढलं: दुकानामागचं वाणिज्य महाविद्यालय. प्रवेश हमखास, घरापासून चालत, आणि कॉलेजच्या बसचे टायर माझ्याकडचे. मी घरी येऊन जाहीर केलं.

ढमी म्हणाली, 'बाबा, तिथे कीटकशास्त्र नाही.'

'किडे काय, सगळीकडे असतात. कँटीनमध्ये विचार.'

यावर ही खळखळून हसली आणि ढमी उठून आत गेली. मग मी आणखी दोन सुचवली. एकाची जाहिरात होती की भरपूर जागा रिकाम्या आहेत. (रिकामी जागा दिसली की मला हायसं वाटतं, ती पार्किंगची सवय.) दुसऱ्यात इमारत कशी बांधावी ते शिकवतात. ढमीने विचारलं, मी इमारतीत काय करू? मी म्हणालो, वाळवी बघ. आता हीही हसेना.

असं सगळं अडलेलं असताना दातांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. लांबच्या प्रवासाला निघाले होते, सगळी चाकं तपासून हवी होती. डिकी उघडली तर आत स्टेपनी भलत्याच मापाची. कुणीतरी स्वस्तात दिली आणि यांनी घेतली. आता तुला माहीत आहे, चुकीच्या मापाचा टायर दिसला की माझा तोल जातो. मी सगळ्या बाकासमोर डॉक्टरांना धरलं. म्हटलं, डॉक्टर, ही स्टेपनी आहे की नुसतं आश्वासन? स्टेपनी म्हणजे डिकीत पडलेलं कुठलंतरी पाचवं चाक नव्हे. उरलेल्या चारांच्या मापाचं हवं, त्यात हवा हवी, आणि ज्या दिवशी लावाल त्या दिवशी गाडीला कळतासुद्धा कामा नये की आज आपण स्टेपनीवर चाललोय. ही लावलीत तर गाडी सारखी एका अंगाला ओढेल. तुम्ही कुणाच्या तोंडात भलताच दात बसवता का?

'बसवतो की,' डॉक्टर म्हणाले, 'तोच माझा धंदा आहे,' आणि डिकी आपटून जे गेले ते आता समोरच्याकडे हवा भरतात.

बाक हसत होता. आणि माझा डबा घेऊन आलेली ढमी मागे टायरांच्या थप्पीवर बसून माझ्याकडे एकटक बघत होती. मग थप्पीवरून उतरली, डबा माझ्या हातात दिला आणि शांतपणे म्हणाली, 'मग माझ्या गाडीला बैलगाडीचं चाक का लावताय?'

आपल्याच जिभेने आपल्याला पकडून दिलं की माणसाने वकील शोधू नये. मी कबूल झालो. ठरलं असं की जिथे किडे आहेत, शिकवणारी माणसं आहेत आणि जिथे ढमीला नक्की घेतील अशीच जागा बघायची. बाकावर पुन्हा कान लावले आणि गावाबाहेरचं, मागे शेतं असलेलं एक कॉलेज सापडलं. सल्लागार बाईंनीही मान हलवली, म्हणाल्या, तिथे तिला हसत घेतील. ढमी म्हणाली, 'बघायला येते. तिथे अर्ज करीन असं म्हटलेलं नाही.' मी त्यालाही हो म्हणालो. पाहिल्यावर विरघळेल अशी माझी अटकळ होती.

आता ते गुडघ्याचं. तिथे पोचल्यावर मायलेकी प्राचार्यांना भेटायला गेल्या आणि मी म्हणालो, गाडी नीट लावून येतो. खरं कारण वेगळं होतं. छापील पुस्तिकेत सगळीच कॉलेजं झाडाखाली हसणाऱ्या मुलांची असतात. मला खोटं न बोलणारा साक्षीदार हवा होता, आणि टायर खोटं बोलत नाही. मुलांच्या दुचाक्या बघितल्या: टायर झिजलेले, म्हणजे पोरं रोज येतात. मास्तरांच्या गाड्या बघितल्या: टायर जुने, पण वेळेवर बदललेले, म्हणजे पगार होतो, फार होत नाही, पण होतो. एका लहानशा गाडीच्या चाकांत वाळलेला चिखल ठासून भरलेला, मागच्या काचेतून फुलपाखरं धरायची जाळी दिसत होती. मी मनात म्हटलं, किड्यांची बाई सापडली, आणि ती खुर्चीत बसून शिकवणारी नाही. इथे थांबलो असतो तर पँट वाचली असती. पण शेवटी प्राचार्यांची गाडी दिसली. तिचे टायर दोन्ही कडांना झिजलेले आणि मध्ये बरे, म्हणजे कायम हवा कमी. आता ज्या माणसाला गाडीत हवा भरायला वेळ नाही तो एक तर कामात बुडालेला असतो किंवा आळशी असतो. आपली पोरगी कुणाच्या हाती द्यायची हा प्रश्न होता, म्हणून आतल्या बाजूचाही टायर बघावा म्हणून मी गुडघ्यावर बसलो आणि हात खाली घातला.

अशी शिट्टी मी जन्मात ऐकली नाही. मणी उडून माझ्या कानाजवळून गेला. रखवालदार धावत आला, 'सोडताय काय? हवा सोडताय काय?' (मागच्याच महिन्यात नापास झालेल्या कुणीतरी त्या गाडीची हवा सोडली होती, हे मला मागाहून कळलं.)

'सोडत नाही हो. बघतोय.'

'हवा कशी बघता? दिसते काय हवा?'

'मला दिसते.'

'चला, आत दाखवा बाईंना.'

दंडाला धरून त्याने मला प्राचार्यांच्या खोलीत नेलं. तिथे प्राचार्य बाई टेबलामागे आणि समोर मायलेकी. माझी पँट गुडघ्यावर फाटलेली, हात काळे. बाईंनी विचारलं, हे तुमच्या ओळखीचे आहेत का? ताई, त्या प्रश्नानंतर हिने जो विचार केला तो मला फार लांब वाटला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. शेवटी ढमी म्हणाली, 'माझे बाबा आहेत. ते टायर बघतात.'

मी वातावरण हलकं करायला गेलो. (मी कधी वातावरण हलकं करायला निघालो तर मला बांधून ठेवत जा.) मी म्हणालो, मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, आमची पहिली पसंती ते मोठं कॉलेज आहे, तुमच्याकडे आम्ही स्टेपनी म्हणून बघतोय. खोलीतला पंखा तेवढा बोलत राहिला. त्याचं एक बेअरिंग गेलंय.

प्राचार्य बाईंनी चष्मा काढला. त्या म्हणाल्या, स्टेपनी म्हणून आलेली मुलं आमच्याकडे पुष्कळ आहेत. त्यातली निम्मी येतानाच तोंड पाडून येतात, त्यांना वाटतं आपण हरलो आणि इथे टाकले गेलो. ती मला नकोत, आणि त्यांनाही मी नको असते. उरलेली निम्मी आठवड्याभरात विसरतात की आपल्याला दुसरीकडे कुठे जायचं होतं. मग ढमीकडे वळून विचारलं, 'तू कुठल्या निम्म्यातली?'

ढमीने उलट विचारलं, 'कीटकांचा विभाग कुठे आहे?'

तिकडे गेली ती गेलीच. ती जाळीवाली बाई तिला मागच्या शेतात घेऊन गेली. ही गाडीत जाऊन बसली, काच वर करून. मी आणि रखवालदार पायऱ्यांवर. माणूस चांगला निघाला. शिट्टीबद्दल मी माफी मागितली, दंडाबद्दल त्याने मागितली, मग मी डिकीतला पायाने मारायचा पंप काढून प्राचार्य बाईंच्या चारही चाकांत हवा भरली आणि तो आजूबाजूला कुणी बघत नाही ना यावर नजर ठेवून उभा राहिला. ज्याने पकडलं त्याच्याच पहाऱ्यात काम करायचा योग सगळ्यांना येत नाही.

ढमी आली ती घोट्यापर्यंत चिखलात. बोलतच आली. पानाच्या खालच्या बाजूला कुठलीशी माशी अंडी घालते, त्या बाईंना ती तिथे सापडेल असं वाटलं नव्हतं आणि ती ढमीनेच आधी बघितली. 'आपण नोंद करू या' असं बाई म्हणाल्या म्हणे. 'करू' नाही, 'आपण करू या'. ते 'आपण' ती परत परत सांगत होती. मी गाडी चालवत ऐकत होतो आणि कितीतरी दिवसांनी मला भूक लागत होती. म्हटलं, बसलं चाक. माप जुळलं, हवा आहे, आणि गाडीला कळलंसुद्धा नाही.

मी विचारलं, 'छान आहे ना?'

'फारच छान आहे, बाबा.'

'मग इथेही अर्ज करू या.'

'नको. छान आहे म्हणूनच नको.' आणि मग तिने मला माझंच दुसरं वाक्य ऐकवलं. म्हणे, हे हाताशी आहे असं कळलं की मोठ्या कॉलेजसाठी माझा जीव तुटणार नाही. ज्याला मागे रस्ता असतो तो पुढे जात नाही, तुम्हीच म्हणता.

मागच्या सीटवरून ही म्हणाली, 'आता बोला.' मला उद्देशून नाही, खिडकीला उद्देशून.

मला वाटलं, पोरगी जिद्दी आहे, माझ्यावर गेली आहे, आणि खरं सांगतो, काळजीच्या आत कुठेतरी मला गुदगुल्याही झाल्या. त्या परवापर्यंत टिकल्या. परवा ढमी दुकानात मागच्या खोलीत बसून मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. कॉम्प्रेसर चालू असला की त्या खोलीतलं काही ऐकू येत नाही, ते तिला माहीत आहे, म्हणूनच ती तिथे बसते. पण टाकीत हवा पुरी भरली की कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो, आणि बोलणाऱ्याचा आवाज मात्र तेवढाच चढलेला राहतो. मी बाहेर एका गाडीचे नट आवळत होतो आणि एकदम तिचा आवाज आला: 'अगं, मला करायचाय गं तिथे अर्ज! मला इतकी भीती वाटते ना! पण बाबांसमोर कसा करू? ते एक पिशवी घेऊन आले. आणि मी घरबसल्या भित्र्यासारखी दुसरी जागा धरून ठेवू? त्यांना वाटेल, ही माझी नाहीच.'

ताई, तो नट मी इतका आवळला की बोल्ट तुटून हातात आला. गिऱ्हाईक ओरडलं. तेवढ्यात कॉम्प्रेसर पुन्हा सुरू झाला, ते बरं झालं.

त्याच दिवशी जेवताना मी मनाशी ठरवून तोंड उघडलं. म्हणालो, 'ढमे, मी या शहरात आलो ना, तेव्हा...' पुढे जायच्या आत ती आणि ही दोघी एका सुरात म्हणाल्या, 'परतीचे दोर कापून!' हिने तर हातातल्या सुरीने दोर कापूनही दाखवला. (माझ्याशी न बोलता माझी नक्कल करता येते हे मला नवीनच कळलं.) ढमी हसली, पण हसता हसता माझ्याकडे अशा काही कौतुकाने बघितलं की उघडलेल्या तोंडात मी घास घातला. इतक्या वर्षांत कुणाला टायर विकताना माझी जीभ अडली नव्हती. स्वतःच्या पोरीसमोर अडली.

तर सगळं असं आहे. तू मात्र काळजी करू नकोस. मी सगळं आटोक्यात ठेवलं आहे, आजवर कुठली गोष्ट अडून राहिली नाही, हीही राहणार नाही. आपल्या हिमतीवर निभावून नेईन. भावोजींना नमस्कार सांग, आणि खोकल्यासाठी त्यांना खिडकीपाशी बसू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. निभावून नेईन असं वर लिहिलंय ते खोडायचं होतं, पण पान खराब दिसलं असतं. ढमी शनिवारी तुझ्याकडे येते आहे. तिला सांगितलंय की तुझ्या गावातही किड्यांचं एक बरं कॉलेज आहे, तेवढं आत्याबरोबर बघून ये. बाकावर तसं ऐकलं होतं. (आहे ना? नसलं तर रविवारपर्यंत काहीतरी शोध.) जेवायला विचारलं की ती नकोच म्हणते, तेव्हा वाढताना विचारू नकोस. आणि तिची पिशवी तू उघडू नकोस, तिलाच उघडू दे.

ता. क. दुसरा. अर्जाची शेवटची तारीख पुढच्या बुधवारी आहे. खरी गोष्ट ढमीला लिहून कळवण्यासारखी नाही आणि मला बोलून सांगण्यासारखी राहिली नाही, म्हणून तुझ्याकडे मागतो. ढमी तुला माझ्या येण्याची गोष्ट विचारील. भेटेल त्याला विचारते. इतकी वर्षं चारचौघांत मी ते वाक्य टाकलं की तू पदर तोंडाला लावून गप्प बसलीस, भावोजींनासुद्धा कळू दिलं नाहीस. या खेपेला गप्प बसू नकोस. तिला सगळं सांग. मला हसली तरी चालेल. हसून झाल्यावर तिच्याकडून तो दुसरा, मागे शेतं असलेल्या कॉलेजचा अर्ज तिथेच, तुझ्या टेबलावर भरून घे. मी समोर नसलो की तिला सोपं जाईल.

ता. क. तिसरा. तिचा विश्वास बसला नाही तर म्हणावं, बाबांनीच लिहून दिलंय: मी या शहरात उतरलो तेव्हा माझ्या शर्टाच्या आतल्या खिशात परतीचं तिकीट होतं, आणि ते मी निघताना स्टँडवर तुझ्याकडून मागून घेतलं होतं.